आव्वाची अकरा मिनिटं

"किती म्हणतंय?" आत्यांनी स्वयंपाकघरातनं विचारलं.

"नऊ तास."

"मघाशी सहा म्हणत होतं की."

"मघाशी म्हणत होतं."

मी हॉलमध्ये फरशीवर, शोकेसला पाठ टेकून बसले होते. मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या नि माझ्यामध्ये सात महिन्यांची अन्वी. तिची एक टाच कीबोर्डवर आणि तोंडात माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या. पडद्यावर एक निळी पट्टी होती. गेल्या दोन तासांत ती नखभर सरकली होती.

"आता अकरा तास," मी म्हटलं.

"पुढं जातंय का मागं?" आत्या म्हणाल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

झालं होतं असं, की शुक्रवारी लॅपटॉपची डिस्क गेली. कोल्हापुरातल्या दुकानदारानं नवी घालून रविवारी संध्याकाळी लॅपटॉप परत दिला आणि म्हणाला, "जुन्यातलं काय मिळणार न्हाई, वहिनी. बॅकअप असला तर नशीब समजायचं." बॅकअप होता. माझा नवरा भरतेश मस्कतला जाण्याआधी शोकेसमध्ये राउटरशेजारी एक काळा डबा बसवून गेला होता. लॅपटॉपमधलं सगळं रोज आपोआप, वायफायवरून, त्या डब्यात जाऊन बसायचं. "आता घर जळलं तरी काळजी नाही," तो म्हणाला होता. डबा घरातच आहे, हे तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तर सोमवारी सकाळी मी डब्यातलं लॅपटॉपमध्ये परत आणायला बसले. केबल लावली असती तर काम पटकन झालं असतं. पण माझ्या सडपातळ लॅपटॉपला ती केबल लागतच नव्हती, मध्ये एक जोड हवा होता, आणि सोमवारी बाजार बंद. म्हणून वायफाय.

आणि मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता माझी मुदत संपत होती.

मी माळरानावरच्या गवतांवर पीएच.डी. करत होते. चार वर्षं, पन्हाळ्यापासून आजऱ्यापर्यंतच्या माळांवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद लोखंडी चौकट टाकायची, आणि तिच्यात काय उगवलंय ते काडी-काडी मोजायचं. त्यातल्या एका माळावर आता खडीची खाण होती. तिथलं पुन्हा मोजायला तो माळच उरला नव्हता. अन्वीच्या वेळेला विद्यापीठानं मुदत वाढवून दिली, तीही संपत आली होती. "सन्मती, मंगळवारी पाचच्या आत फाइल साइटवर चढली नाही, तर नोंदणी रद्द. मी काही करू शकणार नाही," माझ्या मार्गदर्शक होनमोरे मॅडमनी दोनदा फोन करून सांगितलं होतं. मॅडमकडं जुना मसुदा होता, अर्धा. शेवटची दोन प्रकरणं आणि सगळे तक्ते मी अन्वी झोपायची त्या चाळीस-चाळीस मिनिटांत केले होते. ते फक्त लॅपटॉपमध्ये होते. इंटरनेटवरची फुकटची जागा केव्हाच भरली होती. कशानं? अन्वीच्या फोटोंनी.

साडेअकराला पट्टी थांबली. सरकेचना. मी राउटर बघितला, दिवे बघितले, डब्याला कान लावला. मग स्वयंपाकघरातनं 'टिंग' असा आवाज आला आणि पट्टी पुन्हा चालू लागली.

"आत्या, मायक्रोवेव्ह ओव्हन लावलावता?"

"अन्वीची पेज गरम केली. का गं?"

"ओव्हन लावला की वायफाय बसतं."

"ओव्हनचा आणि त्याचा काय संबंध?"

"हवेतनं जातंय ना ते. ओव्हनची पण लहर तसलीच असती."

आत्यांनी हवेकडं बघितलं. "बरं. मग आजपासनं गॅसवर," त्या म्हणाल्या. "फ्रिज चालतोय का? का तो पण बंद करू?"

"फ्रिज चालतोय."

"पंखा?"

"चालतोय, आत्या."

"न्हाई, मला काय कळतंय! तू सांगशील ते."

दुपारी भरतेशचा व्हिडिओ कॉल आला. "कुठपर्यंत आलं? दाखव स्क्रीन," तो म्हणाला. मी फोन फिरवून दाखवला. अठरा टक्के. चोवीस तास बाकी.

"एवढं कसं हळू?"

"तू फोन केलास म्हणून. तुझा चेहरा पण त्याच वायफायवरनं येतोय."

"अगं पण बघायला तर..."

"ठेव, भरतेश."

"अन्वीला तरी..."

मी ठेवला. पट्टी चालू लागली. दहा मिनिटांनी त्याचा संदेश आला, 'आता किती?' त्यानंतर सबंध दिवसभर तो तेच विचारत होता, आणि त्याला उत्तर द्यायला मी उठले की अन्वी रडायची, तिला घेतलं की लॅपटॉप झोपी जायचा, आणि तो झोपला की पट्टीही झोपायची. शेवटी मी अंगठा माउसवर ठेवून अन्वीला पाजत बसले. दर दोन मिनिटांनी अंगठा हलवायचा. दूध, अंगठा, दूध, अंगठा.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून आत्या माझ्यासमोर येऊन बसल्या. आमच्या घरात त्या एकट्याच अजून सूर्यास्ताआधी जेवायचं पाळतात. त्यांनी अन्वीला घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात आव्वाचं पण हाय न्हवं?"

"आहे ना. सगळंच आहे."

आव्वा म्हणजे आत्यांच्या आई. निपाणीकडच्या. एक्याण्णव वर्षं जगल्या आणि जन्मात कुणाला धड फोटो काढू दिला नाही. काढला की आयुष्य कमी होतं म्हणायच्या. अन्वीच्या बारशाला मात्र त्या पाळण्याशी बसल्या आणि अर्ध्या कानडी, अर्ध्या मराठीत, मध्येच विसरत, मध्येच आत्यांना "मुंदे येनु?" म्हणजे पुढं काय असं विचारत त्यांनी पाळणा म्हटला. भरतेशनं हळूच फोन धरला होता. अकरा मिनिटं. व्हिडिओ मोठा होता म्हणून तो कुणालाच पाठवता आला नाही. "नंतर लहान करून पाठवतो," तो म्हणाला, आणि फोनमध्ये जागा करायला सगळं लॅपटॉपमध्ये टाकून फोनमधलं पुसून मस्कतला गेला. जूनमध्ये आव्वा गेल्या. तेव्हापासनं आत्या दर आठ-पंधरा दिवसांनी, माझ्या हातातलं काम संपलेलं बघून, "लाव की गं जरा," म्हणायच्या. मी लावायची. त्या बघायच्या नाहीत, नुसत्या ऐकायच्या, डोळे मिटून.

"येतंय न्हवं सगळं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"येतंय."

मंगळवारी सकाळी उठून बघितलं तर बासष्ट टक्क्यांवर पाटी आली होती : संपर्क तुटला. रात्री कधीतरी लाइट जाऊन आली होती; लॅपटॉप बॅटरीवर टिकला, राउटर टिकला नाही. आणि अर्धवट आलेलं सगळं त्या प्रोग्रॅमनं स्वतःच पुसून टाकलं होतं. खाली एक बटण होतं : पुन्हा सुरुवातीपासून.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही, पण अन्वी दचकून रडायला लागली आणि आत्या आंघोळीतनं तशाच ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"काय झालं? पडली?"

"काही नाही. सगळं पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं म्हणजे?"

"पहिल्यापासनं म्हणजे पहिल्यापासनं, आत्या! किती वेळा सांगू?"

त्या अन्वीला उचलून आत घेऊन गेल्या. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. शोकेसमधनं. टक्. टक्-टक्. टक्.

भरतेशला फोन लावला, साधा. "डब्याजवळ धर फोन," तो म्हणाला. धरला.

"हात लावून बघ. गरम आहे?"

मी हात लावायला गेले तर हाताला क्रोशाचा रुमाल लागला. पांढरा, निळ्या फुलांचा, आतनं अस्तर लावलेला, चारी बाजूंनी डब्यावर मापात बसणारा. आत्यांनी घरातल्या प्रत्येक यंत्राला असा रुमाल विणलेला होता. मिक्सरला, टीव्हीला, फोनच्या चार्जरच्या पट्टीलासुद्धा. डब्याला कधी विणला ते मी बघितलंच नव्हतं. रोज तिथनं ये-जा करत होते तरी. मी तो उचलला. खालचा डबा तव्यासारखा तापला होता.

"झाकलेला होता?" फोनमधनं भरतेश जवळजवळ किंचाळला. "कुणी झाकला? अगं, त्याला मागनं वारा लागतो! आईनं झाकला काय? आई! काय तू पण... एवढे महिने तसाच?"

फोन स्पीकरवर होता. आत्या अन्वीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या.

"धूळ बसायलीती," त्या म्हणाल्या.

"आता काय करू, ते सांग," मी म्हटलं.

"डब्यातली डिस्क जातीय. तास, दोन तास, फार तर तीन. सगळं आणायचा नाद सोड. एकेक उचल. प्रत्येक फोल्डर उघडायलाच आता अर्धा तास लागंल, धीर धर." मग त्यानं जरा विचार केला. "सनू, आधी बारशाचा व्हिडिओ घे. एकच फाइल आहे, तासाभरात येईल. मग तुझा प्रबंध. जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पावणेदहा वाजले होते. पडद्यावर दोन नावं एकाखाली एक होती. 'बारसं' आणि 'प्रबंध'. भरतेशचा हिशेब बरोबरच होता, डिस्क दोन तास टिकली तर दोन्ही येत होतं. आणि एकच तास टिकली तर?

मी 'प्रबंध'वर बोट दाबलं.

"आव्वाचं सुरू केलंस?" आत्यांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पडद्यावर सगळी अक्षरं इंग्रजी होती.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी अन्वीला माझ्याशेजारी चटईवर ठेवलं, आत गेल्या आणि हातपंखा घेऊन आल्या. शोकेससमोर पाट मांडून बसल्या आणि डब्याच्या मागच्या बाजूनं वारा घालायला लागल्या.

"आत्या, राहू द्या."

"मीच तापवलाय, मीच निववते."

"टेबलफॅन तरी..."

"नको बाई. ओव्हनसारखं काय झालं म्हणजे? हवेतनं येतंय म्हणालीस न्हवं."

टेबलफॅननं काहीसुद्धा होत नाही, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर पुढचंही सगळं बाहेर आलं असतं. मी पडद्याकडं बघत राहिले. आत्या या हातानं दमल्या की त्या हातात पंखा घ्यायच्या. अन्वी चटईवरनं सरपटत त्यांच्या पदराशी गेली, तिला मांडीवर घेतलं, आणि पंखा चालूच.

"किती आली आव्वा?"

"थोडी आलीय."

"चारचौघींत पण ही अशीच. सगळ्यांच्या मागनं यायची," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "देवळात जायला निघालो की हिची चप्पल सापडायची न्हाई. आण्णा म्हणायचे, तुझ्या आईला घेऊन जायचं म्हणजे आदल्या दिवशी निघायला पाहिजे. ये गं बाई, आव्वा, ये लौकर. पोरगीला परीक्षा हाय आज."

त्या डब्याशी बोलत होत्या.

साडेअकराला पाचवं प्रकरण आलं. सहावं आलं. तक्ते आले. पावणेबाराला मजकूर सगळा माझ्याकडं होता, आणि डबा अजून टकटकत होता, पण चालत होता. मागं राहिले होते ते प्रत्येक चौकटीचे फोटो, परिशिष्टासाठी, एकशे सव्वीस. ते नंतर जोडू का, असं मॅडमना विचारता आलं असतं. एक फोन. मी फोन उचललासुद्धा. पण वाटलं, मॅडम नाही म्हणाल्या तर? आणि विचारायचं कशाला, येतायत तर येऊ देत, अजून पंधरा मिनिटं. मग अजून पंधरा. चार वर्षं उन्हात गुडघ्यांवर बसून काढलेले होते ते. फोटो एकेक करून येत होते आणि मी प्रत्येकाला मनात 'हा शेवटचा' म्हणत होते.

"आता किती आली?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज दमलेला होता.

"बरीच आली."

एक वाजून वीस मिनिटांनी, एकशे अकराव्या फोटोवर, डब्यातनं लांब चरचर आवाज आला आणि दिवा विझला. आत्यांचा पंखा हवेतच थांबला.

मी डबा बंद केला, चालू केला. पाच वेळा. सहाव्यांदा 'बारसं' शोधलं. पडद्यावर आलं : सापडत नाही.

"झालं?" आत्या म्हणाल्या.

"बंद पडला."

"आव्वा?"

"नाही आली."

"थोडी तरी? अर्धी आली असंल तर अर्धीच लाव. आवाज आला तरी चालतंय."

"काहीच नाही आलं, आत्या."

त्या उठल्या. पाट उचलला, पंखा आत नेऊन ठेवला आणि परत येऊन शोकेसवर पडलेला तो निळ्या फुलांचा रुमाल हातात घेतला. बराच वेळ उलटसुलट करून बघितला.

"माझ्या हातानं केलं गं मी," त्या म्हणाल्या. "कुणी न्हाई केलं. माझ्याच हातानं."

सांगायची वेळ तीच होती. दुसरी कुठली नव्हती. अन्वी भुकेनं कळवळून रडत होती, तीन तासांत माझा सगळा प्रबंध जुळवून एक फाइल करायची होती, आणि माझ्या तोंडातनं आलं, "नका मनाला लावून घेऊ." एवढंच.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी फाइल चढली. मॅडमचा संदेश आला : पोचली, अभिनंदन. मी भिंतीला डोकं टेकून बसले. आत्या साखरेची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या तळहातावर चिमूट ठेवली.

"तुझं तरी झालं. कालचं आलेलं त्यात उरलंवतं न्हवं?"

"हो," मी म्हटलं. "कालचंच."

त्या संध्याकाळी घरातले सगळे रुमाल त्यांनी काढले. मिक्सरचा, टीव्हीचा, सगळे. घड्या घालून ट्रंकेत टाकले. नंतर त्यांनी कधी क्रोशाची सुई हातात धरली नाही. भरतेश सुट्टीवर आला तेव्हा "कुठल्या तरी कंपनीत डिस्क पाठवू, बघतील," म्हणाला, पाठवलीही. ती तशीच परत आली. आत्यांनी पुन्हा "लाव की गं जरा," असं म्हटलं नाही. म्हणायला काही उरलंच नव्हतं. पाहुणे आले आणि आव्वाचा विषय निघाला की त्या स्वतःच सांगायच्या, "माझ्यापाशी होतं तिचं गाणं. मीच घालवलं." आणि मी चहाचे कप भरत असायची.

याला सहा वर्षं झाली. मला पदवी मिळाली, मग कॉलेजात नोकरी. गेल्या महिन्यात त्याच अभ्यासावरचं साधं मराठी पुस्तक छापायला गेलं. कुणाला अर्पण करायचं, असं प्रकाशकांनी विचारलं, आणि मी लिहून टाकलं : आव्वांना. आत्या दुपारी मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना वाचून दाखवलं.

त्यांचे डोळे भरले. मग त्या हसल्या. "तुझ्या गवतात आव्वा कुठं आली गं?"

आणि मी सांगितलं. पावणेदहाला कुठल्या नावावर बोट ठेवलं ते. पावणेबाराला फोन उचलून खाली ठेवला ते. त्या वारा घालत होत्या तेव्हा हवेतनं काय येत होतं ते. सगळं सांगून होईपर्यंत त्यांचे हात मेथी निवडतच होते. सांगून झाल्यावर त्यांनी देठांचा कागद गोळा केला आणि उठून गेल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. "अन्वी, तुझ्या आईला म्हणावं, डाळ झालीय." "अन्वी, तुझ्या आईला विचार, दूध आणायचं का." अन्वी साडेसहा वर्षांची, तिला हा खेळ वाटला. ती पळत येऊन सांगायची आणि माझं उत्तर घेऊन पळत जायची. "आई म्हणती, एक लिटर."

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, आत्या माझ्या खोलीत आल्या आणि कॉटवर बसल्या.

"आण ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुझं गवत. ते पुस्तक न्हवं, आधीचं. काळं, जाड."

मी कपाटातनं प्रबंध काढला. त्यांनी तो मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी उचलून त्याचं वजन बघितलं आणि परत माझ्याकडं दिला.

"वाच."

"इंग्रजीत आहे, आत्या."

"मग मराठीत सांग. मी तीन तास वारा घातलाय. काय आलं ते मला कळू दे."

मी पाचवं प्रकरण उघडलं. पाणी प्यायले.

"चौकट पहिली," मी म्हटलं. "चौदा ऑगस्ट. सकाळी आठ वाजता. कुसळी एकेचाळीस काड्या. पवन्या एकोणीस. मारवेल सहा."

आत्यांनी डोळे मिटले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, थांबले, आणि मग पान उलटलं.

"चौकट दुसरी. तोच दिवस. कुसळी तेहतीस. पवन्या नाही. डोंगरी चौदा."

दारात अन्वी येऊन उभी राहिली. तिनं एकदा आजीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "आजी झोपली?"

मी प्रबंध मिटत होते.

"झोपले न्हाई," आत्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "किती हायत अशा?"

"एकशे सव्वीस."

त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीला पाठ टेकली.

"तिसरी वाच."